मामा आलाय का?

माझ्या लग्नात सगळ्यात आधी आलेला पाहुणा म्हणजे मल्लूअण्णा. कार्यालयाच्या दारात चपला काढल्या, गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलींना हातानंच बाजूला केलं आणि आईला गाठून पहिला प्रश्न टाकला, "वैनी, पोरीचा मामा आलाय का?" आई म्हणाली, "आलाय की, आत दाढी करतोय." तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना. ते आत गेले, फेसानं तोंड माखलेल्या माझ्या मामासमोर उभे राहिले, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "बरं झालं आलासा. आता अक्षता पडूस्तवर हिकडं-तिकडं हलू नका," असं बजावून बाहेर खुर्चीत जाऊन बसले. माझा मामा पुण्याचा. तो दिवसभर विचारत होता, "ते फेटेवाले गृहस्थ पोलिसात होते का गं?"

लग्न कुणाचंही असो, अण्णांचा प्रश्न ठरलेला. जेवण काय, सोनं किती, नवरा काय करतो, यातलं काही त्यांना नको असायचं. कोल्हापुरातल्या आमच्या राजारामपुरीतली पोरं त्यांची नक्कल करायची, चड्डी सावरत एकमेकांना विचारायची, "मामा आलाय का?" आम्हीही हसायचो. बाबा मात्र कधी हसले नाहीत. ते उठून आत जायचे.

अण्णांचं राजारामपुरीत भांड्यांचं दुकान होतं आणि आमचं घर त्याला लागून. बाबा शाळेत शिकवायचे, म्हणून अण्णा त्यांना 'सर' म्हणायचे. लग्नसराईत गिऱ्हाइकांची ही गर्दी. मुलीला द्यायची भांडी, पाहुण्यांना वाटायच्या वाट्या, मोठाली पातेली. आणि हा गृहस्थ काय करायचा? गिऱ्हाइकाला गादीवर बसवून चहा पाजायचा आणि विचारायचा, "मांडव केवढा घालणार?" समोरच्यानं हौसेनं सांगायला सुरुवात केली की अण्णांचा पट्टा चालू. "कशाला गावजेवण घालतायसा? पोरगं हाय, पोरगी हाय, मूठभर अक्षता हायत. आणि काय लागतंय लग्नाला? लोक जेवून जात्यात आणि आमटी पांचट हुती म्हणत्यात." आत बसलेल्या गंगाअक्का, म्हणजे त्यांची बायको, कपाळावर हात मारून घ्यायच्या. "अवं, ह्यास्नी वाट्या विकायच्यात का वाटंला लावायचंय?" त्यावर अण्णा गडगडून हसायचे. "वाट्या वाटून कुणाचा संसार झालाय व्हय?"

आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची चार मोठी माणसं मुलीच्या घरी बसून यादी करतात. कुणी काय घालायचं, मानपान कुणाचा, मांडव कुणाच्या दारात, सगळं बोलून घ्यायचं. अण्णांना अशा बैठकींना आवर्जून बोलवायचे, कारण त्यांच्या आवाजापुढं कुणाचं भांडण टिकत नसे. बोलणी पार पडली की अण्णा उठायचे आणि म्हणायचे, "आता माणसं जमलीत, गूळ फुटलाय, मग थांबायचं कशाला? टाका की अक्षता!" आणि खरंच, कुणीतरी हार आणायला पळायचं, शेजारणी भात-आमटीला लागायच्या आणि दिवेलागणीला यादी करायला आलेली माणसं व्याही होऊन जेवायला बसायची. 'यादी पे शादी' म्हणतात याला. कितीतरी बापांची त्यांनी सुटका केली. माणूस चांगला होता हो. त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, हेच वाईट झालं.

गंगाअक्कांना एकच भाऊ. हुपरीचा. घरातच चांदीचे पैंजण घडवायचा. अक्कांचे आईवडील लवकर गेले, तेव्हा यानंच बहिणीला वाढवलं, तिचं लग्न केलं आणि स्वतःचं करायचं राहूनच गेलं. दर नागपंचमीला तो अक्कांना माहेरी न्यायला यायचा. उंचीनं लहानखुरा, बोटांची टोकं काळवंडलेली, बोलणं बेताचं. अण्णांच्या दोन्ही मुलींवर, शोभा आणि सुजातावर, त्याचा भारी जीव. शोभा लहान असताना तिला खांद्यावर घेऊन म्हणायचा, "तुझ्या लग्नात मी तुझ्या पाठीशी हुबा राहणार. जोडवी माझ्या हातची घालायची बघ." मुलीच्या पाठीशी उभं राहायचा मान मामाचा. बाप कितीही मोठा असला तरी त्या जागेवर त्याचं काही चालत नाही.

शोभाचं ठरलं ते गडहिंग्लजकडच्या एका घरात. यादीचा दिवस ठरला तेव्हा मामानं विचारलं होतं, "येऊ का?" अण्णाच म्हणाले, "यादीला येऊन काय करतायसा? पोहं खाऊन परत जाणार. कशाला कामाचा दिवस मोडताय? लग्नाला आठ दिस आधी या." मामा म्हणाला, "बरं."

त्या दिवशी मी तिथंच होते, पोह्यांच्या बशा फिरवत होते. बोलणी गोडीत झाली. आणि मग मुलाचा चुलता मांडी बदलून म्हणाला, "अण्णा, लोकांच्या पोरींची यादीतच उरकलीसा. सोताची आली की मांडव व्हय?" सगळे हसले. अण्णा नाही हसले. त्यांचेच शब्द त्यांच्या दारात येऊन बसले होते. मान वर करून म्हणाले, "कोण म्हणतंय मांडव? टाका अक्षता!"

स्वयंपाकघराच्या दारातून अक्का म्हणाल्या, "अवं, दादा न्हाय आलेला."

"हुपरी काय लंडनात हाय व्हय? उद्या जाऊन सांगतो की."

"सांगतो काय? तो मामा हाय तिचा."

बाबा पटकन उठले. "अण्णा, मी स्कूटर काढतो. असा जातो आणि त्यांना घेऊन येतो." पण मुलाकडची मंडळी घड्याळं बघायला लागली, लग्न लावणारे जंगम स्वामी म्हणाले वेळ टळतेय, आणि अण्णा माघार घेतील तर ते अण्णा कसले? त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, तुमी मामासारखंच की. व्हा हुबं."

बाबा उभे राहिले. शोभाला कुणाचीतरी हिरवी साडी नेसवली होती. अक्षता पडेपर्यंत ती दाराकडे बघत होती, आणि तिच्या मागे बाबा असे अवघडून उभे होते, की कुणीतरी त्यांना शिक्षाच केली असावी. अक्का अक्षता टाकायला बाहेर आल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी अण्णा पेढे घेऊन हुपरीला गेले. पुढचं त्यांनीच बाबांना सांगितलं. मामा पैंजणाला घुंगरू लावत होता. ऐकून घेतलं, मान वर केली नाही. म्हणाला, "बरं झालं. सुटलासा." पेढ्याच्या पुड्याला हात लावला नाही. त्या वर्षी पंचमीला अक्का पिशवी भरून ओट्यावर बसल्या होत्या. संध्याकाळी पिशवी आत नेली. पुढच्या वर्षीही तेच. आई म्हणाली, "अक्का, तुम्हीच जा की." त्या उसळल्या, "न बोलवता माहेरी जायला मी काय चोरटी हाय व्हय?" आणि मग पदर डोळ्याला लावला. अण्णा दुकानातून हे सगळं बघायचे. त्यांनी यादीच्या बैठकींना जाणं बंद केलं. गिऱ्हाइकाला मांडवाचं विचारणं सुटलं आणि तो एक प्रश्न तोंडात बसला तो कायमचा.

सुजाताचं लग्न निघालं तोवर नवं शतक लागलं होतं आणि कोल्हापुरात लग्नांना ऊत आला होता. अण्णांनी यावेळी कसलीच कसर ठेवली नाही. हायवेकडचं सगळ्यात मोठं कार्यालय, थर्माकोलचा महाल, बँड, हलगी, नवऱ्याला घोडा. मला तर ते बघून कसंसंच झालं. बाबा म्हणाले, "अण्णा, एवढं कशाला?" अण्णा म्हणाले, "सर, गेल्या टायमाला लहान केलं, त्यात माणूस ऱ्हायला. आता कुणी ऱ्हायला नको." कुंकू लावलेली पहिली पत्रिका घेऊन ते स्वतः हुपरीला गेले. मामानं ती कपाळाला लावली आणि म्हणाला, "बघू की." अण्णा लहान मुलासारखे उड्या मारत परत आले. "येणार! बघू म्हणाला म्हंजे येणार!"

आणि तो आला. पण कसा आला बघा. नवऱ्याची वरात रस्त्यावर नाचत होती, वाहनं मागं तटली होती आणि हुपरीची एसटी त्याच वरातीमागं अडकली होती. मामा उतरला आणि चालत निघाला. आत वेळ झाली. माईकवरून पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी असतील तिथून स्टेजवर यावं." बाहेरचा बँड थांबायला तयार नाही. अण्णा स्टेजवर टाचा उंचावून गर्दीत बघत होते. पुन्हा पुकारा. पुन्हा. मग अक्कांच्या कुठल्याशा चुलतभावाला वर ढकललं आणि लग्न लागलं.

दारात कुंकू लावायला माझी आई होती. तिनं मामाला पाहिलेलं ते पंचमीला ओट्यावर ओझरतं, तेही फार वर्षांपूर्वी. गर्दी आत सरकत असताना एक म्हातारा उलटा बाहेर आला, तिच्या हातात कापडाची पुरचुंडी दिली आणि म्हणाला, "आत लई दाटी हाय. अक्काला द्या." आईला वाटलं, कुणीतरी आहेर आणलाय. संध्याकाळी अक्कांनी पुरचुंडी सोडली. आत जोडव्यांचे दोन जोड. एक नवाकोरा लखलखता. दुसरा ठेवून ठेवून काळा पडलेला. अक्का तिथंच खाली बसल्या आणि अण्णा फेट्यासकट स्कूटरवर बसून हुपरीला गेले.

मामानं चहा दिला. रागावला नाही. म्हणाला, "म्या ओ दिली हुती, अण्णा. हात बी वर केला हुता. तुमास्नी ऐकू आलं न्हाय." अण्णांनी हात जोडले, "आता तरी घरला चला." मामा म्हणाला, "आता कशाला? दोनी पोरी गेल्या की. मामाचं काम संपलं."

त्यानंतर कुणी दुकानात विचारलं, की अण्णा, लग्न केवढं करावं, तर ते हातातली वाटी उगाच पुसत बसायचे. पूर्वीचा तो पट्टा कुठं आणि हे कुठं! मग हळू आवाजात म्हणायचे, "आपण हाक मारली तर शेवटच्या माणसाला ऐकू जावी. आणि त्यानं ओ दिली तर ती आपल्याला ऐकू यावी. एवढंच करावं." गिऱ्हाईक मान हलवायचं आणि मोठं पातेलं घेऊन जायचं. कोण ऐकतंय?

अण्णा गेले ते दुकानातच, गादीवर बसल्या बसल्या. त्यांच्यात, म्हणजे लिंगायतांत, गेलेल्या माणसाला बसवून नेतात. ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं, कपाळावर विभूती, डोक्याला नवा फेटा. पण अंग सारखं एका बाजूला कलत होतं, म्हणून बाबा मागे उभे राहून त्यांचे खांदे धरून होते. गल्ली माणसांनी भरली होती. ज्यांची लग्नं अण्णांनी यादीत उरकली होती, ती सगळी आपापली पोरंबाळं घेऊन आली होती.

गल्लीच्या तोंडाशी थोडी ढकलाढकली झाली. कुणीतरी ओरडलं, "पावणं, दमानं! कोण तुमी?"

एक बारीक आवाज आला, "मी पोरींचा मामा."

मी अजून विसरले नाही ते. ती अख्खी गल्ली वर्षानुवर्षं तो एकच प्रश्न ऐकत आली होती. माणसं मागं वळून एकमेकांना सांगायला लागली, "मामा आलाय. वाट द्या, मामा आलाय." आणि बघता बघता मधोमध वाट झाली. लहानखुरा म्हातारा, हातात कापडी पिशवी, तो त्या वाटेनं ओट्यापर्यंत आला. शोभा आणि सुजाता त्याच्याकडे बघून हंबरडा फोडून रडल्या. अक्का एवढंच म्हणाल्या, "त्यास्नी सांग रं दादा, आलोय म्हणून."

बाबा बाजूला सरले. "या मामा," ते म्हणाले, "ही जागा तुमची." मामानं पिशवी खाली ठेवली, अण्णांच्या पाठीशी उभा राहिला आणि त्या काळवंडलेल्या बोटांनी त्यांचे दोन्ही खांदे धरले.