धम्मपालच्या दगडावर न आलेला शब्द

दीक्षा ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजी शिकवते. कॅम्पस मुलाखतींच्या आधी मुलांकडून शब्द घोटून घेणं हे तिचं मुख्य काम. त्यात ‘असॅसिनेशन’ दरवर्षी येतो. अर्थ: राजकीय कारणासाठी, बहुधा अचानक हल्ला करून, महत्त्वाच्या व्यक्तीची केलेली हत्या. मर्डर कुणाचाही होतो, असॅसिनेशन कुणाकुणाचंच. ‘महत्त्वाच्या’ या शब्दापाशी तिला राग येतो, पण वर्गाला तो दिसत नाही.

तिचा भाऊ धम्मपाल चाकणच्या पट्ट्यात कंत्राटी कामगारांची संघटना बांधत होता. कामगार पुरवण्याची कंत्राटं कोणत्या पुढाऱ्यांच्या नातेवाइकांकडे आहेत, हे तो गेटवर उभा राहून नावानिशी सांगायचा. अशाच एका गेटसभेच्या आदल्या संध्याकाळी तळेगाव-चाकण रस्त्यावर दोघांनी त्याला कोयत्याने मारलं. मारणारे सापडले. त्यांना कुणी पाठवलं, हा प्रश्न तपासात आलाच नाही. वर्तमानपत्रांत एका कॉलमात बातमी होती: ‘पूर्ववैमनस्यातून तरुणाचा खून’. दीक्षाच्या मते वैमनस्य हा बातमीदारांचा आळस आहे. नेत्याची हत्या होते आणि तरुणाचा खून, ही वाटणी मराठी वर्तमानपत्रांनी कधी केली, हे तिला कुणी सांगू शकलेलं नाही.

गेल्या वर्षी पिंपरीतल्या तिच्या माहेरच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर, एका कंपनीच्या सामाजिक निधीतून अभ्यासिका उभी राहिली. तिला धम्मपालचं नाव द्यायचं ठरलं. दारावर काळा दगड बसणार होता आणि मजकूर मराठी आणि इंग्रजीत हवा होता. तो साहजिकच दीक्षाकडे आला. पहिल्या ओळीत तिने नाव लिहिलं. दुसरी ओळ अशी: ‘कंत्राटी कामगारांना संघटित केल्यामुळे यांची राजकीय हत्या झाली.’ ‘राजकीय हत्या’साठी इंग्रजीत तिने एकच शब्द वापरला, असॅसिनेशन.

कंपनीकडून मिनल नावाच्या अधिकारी बाईंचा फोन आला.

“मॅम, मजकूर छान आहे. फक्त तो शब्द जरा स्ट्राँग वाटतो. असॅसिनेशन म्हणजे प्राइम मिनिस्टर वगैरेंचं ना?”

दीक्षाने समजावलं. शब्द मूळचा अरबी. इराण आणि सीरियाच्या डोंगरी किल्ल्यांतून राहणाऱ्या एका लहान पंथाला त्याचे शत्रू ‘हशीशी’, म्हणजे हशीश घेणारे नशेबाज, म्हणत. ते नशा करून वजीर, सरदार मारतात, अशा कथा प्रवाशांनी पसरवल्या. नशेला भक्कम पुरावा नाही. बहुतेक अभ्यासक ती नुसती शिवी मानतात. क्रुसेडच्या धर्मयुद्धांना गेलेल्यांनी शब्द युरोपात नेला. तिथे आधी त्याचा अर्थ भाडोत्री मारेकरी असा झाला. “म्हणजे मुळात हा शब्द मारणाऱ्याचा आहे,” ती म्हणाली. “मरणाऱ्याचा मोठेपणा त्याला नंतर चिकटला.”

“सो इंटरेस्टिंग!” मिनल म्हणाली. “पण लीगलला नाही चालणार. सर म्हणतात, दुःखद निधन करू या.”

विहार समितीची बैठक झाली. अध्यक्ष बुद्धभूषण एका कारखान्यात सुपरवायझर आहे, धम्मपालचा बालमित्र.

“ताई, पोरांना पंखे पाहिजेत का शब्द पाहिजे?”

“दोन्ही पाहिजेत.”

“अगं, पैसा त्यांचा आहे.”

“आणि मेलेला कुणाचा?” दीक्षाचे वडील अण्णासाहेब मधेच म्हणाले. ते निवृत्त टर्नर, युनियनमध्ये वय घालवलेले. “त्यांचाच का तो पण?”

शेवटी तडजोड झाली. इंग्रजी मजकूर काढायचा, मराठीतून ‘राजकीय’ काढायचं, पण ‘हत्या झाली’ राहणार. दीक्षाने दात-ओठ खात मान्य केलं. बुद्धभूषणने कंपनीला तसं कळवलं.

दगड आला. कागद सोडला आणि पहिल्या शब्दालाच वस्ती पेटली. नावाआधी कोरलं होतं ‘कै.’

बौद्ध घरांत गेलेल्या माणसाला कैलासवासी म्हणत नाहीत, कालकथित म्हणतात. हे वस्तीतल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. कंपनीने नेमलेल्या कारागिराला नव्हतं.

“माझा पोरगा कैलासात कुठनं जाईल?” अण्णासाहेब ओरडले. “तिथं ओळखीचं कोण हाय त्याच्या?”

बुद्धभूषण त्याच दिवशी रजा टाकून कंपनीत गेला. मिनलने माफी मागितली, पण नवा दगड बजेटमध्ये बसत नाही म्हणाली. मग बायका गेल्या, तरुण मंडळ गेलं, उद्‌घाटनावर बहिष्काराचं पत्रक निघालं. दीक्षानेही कॉलेज बुडवून दोन चकरा मारल्या. कंपनी नमली. नवा दगड आला, त्यावर ठसठशीत ‘कालकथित’. अण्णासाहेबांनी पेढे वाटले. बुद्धभूषणला लोकांनी खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

पडदा सरकला, वंदना झाली, फोटो झाले. गर्दी पांगल्यावर दीक्षाने दगड शांतपणे वाचला. ‘कालकथित धम्मपाल यांच्या स्मरणार्थ.’ खाली कंपनीचं नाव. बस.

“बुद्धभूषण, दुसरी ओळ कुठंय?”

तो जवळ आला. वाचलं. पुन्हा वाचलं.

“पहिल्या दगडावर होती का?” तिने विचारलं.

त्याने फोनवर जुना फोटो काढला. नव्हती. ‘कै.’च्या खाली तेव्हाही फक्त ‘यांच्या स्मरणार्थ’ होतं. संतापाच्या भरात कुणी पहिल्या शब्दापुढे गेलंच नव्हतं. दीक्षासुद्धा नाही.

“आता तिसरा दगड मागितला ना, तर लोक आपल्यालाच हसतील,” बुद्धभूषण म्हणाला. “आत्ताच तर पेढे खाल्ले.”

अण्णासाहेबांनी चष्मा पुसला, परत घातला. “तू तरी बघायचं होतंस,” ते लेकीला म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “स्मृतिदिनाच्या फ्लेक्सवर टाकू.” फ्लेक्स महापालिकेची गाडी येईपर्यंत टिकतो, हे दोघांनाही माहीत होतं.

दीक्षा आता पिंपळे सौदागरला राहते. रविवारी वडिलांकडे आली की अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवते. पंखे चांगले आहेत. परवा भाग्यश्री नावाच्या मुलीने पुस्तक पुढे केलं.

“ताई, एका शब्दात सांगायचंय. राजकीय कारणासाठी नामांकित व्यक्तीची हत्या. असॅसिनेशन ना?”

“हो.”

“मग आपल्या दादाचं काय झालं म्हणायचं?”

“तेच झालं.”

भाग्यश्रीने प्रश्न पुन्हा वाचला. “पण ताई, दादा नामांकित कुठं होता?”

“नव्हता.”

“मग त्याच्यासाठी मर्डर?”

दीक्षाने तिच्या हातातलं पुस्तक घेऊन मागची उत्तरं पाहिली आणि परत दिलं.

“परीक्षेत अशा माणसाचं आलं तर मर्डर लिही,” ती म्हणाली. “नाहीतर मार्क जातील.”

भाग्यश्रीने पेन्सिलने खूण केली आणि पान उलटलं.