मथुराजीजी आणि दुसरी पार्टी

घर बघायला गेली की मथुराजीजी आधी शेजारच्या घरात शिरायची. विकणारा दारात किल्ली घेऊन उभा, आणि ही पलीकडच्या ओट्यावर बसून पाणी मागते आहे. पेला रिकामा होईतो नळ किती वेळ येतो, भाडं किती पडतं, गल्लीतलं मागचं घर खरोखर कितीला गेलं, हे सगळं तिला कळलेलं असायचं. "भाव इकनाराले नको इचारू, शेजारीले इचार," ती मला सांगायची.

नव्वदच्या दशकात सुरतेला, नवागामात, आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो. मी पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्यात कारकून. जीजी कापडबाजारात साड्यांच्या घड्या घालायला जायची, तिचा नवरा दगाभाऊ यंत्रमागावर होता. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी आमच्या खानदेशी वस्तीतल्या कितीतरी जणांची घरं तिनं पारखून दिली होती, चहापलीकडे काही न घेता.

मला दिंडोली रस्त्यावर एक घर आवडलं. दलाल निंबाशेठ आमच्याच मुलखातला. "दुसरी पार्टी तयार शे, उद्या इसार देणार," तो म्हणाला. आणि खरोखरच एक जोडपं आत खोल्या मापत होतं. इसाराच्या आगाऊ पैशांसाठी माझा हात खिशाकडे गेला. सोबत आलेल्या जीजीनं विचारलं, "घाई कोनले शे? तुले का त्याले?"

पुढच्या रविवारी ती मला निंबाशेठच्याच दुसऱ्या एका घराकडे घेऊन गेली. तिथंही तेच जोडपं टेप धरून उभं. जीजी त्या बाईला मायेनं म्हणाली, "कितला घरं लेतस वं माय तुम्ही?" बाई ओशाळून हसली. ती निंबाशेठची मेहुणी निघाली. मग जीजीनं मला तसल्या घराचं भाडं बोटांवर मोजायला लावलं. मागितलेली किंमत भाड्यातून वसूल व्हायला माझं उरलेलं आयुष्य पुरलं नसतं. मी ते घर सोडलं. तीन महिन्यांनी आमच्याच गल्लीत बऱ्याच कमी भावात चांगलं घर मिळालं.

निंबाशेठनं याचा सूड घेतला. आमच्या खानदेशी कानबाईदेवीच्या उत्सवाचा मांडव तो स्वखर्चानं द्यायचा, त्यामुळे वस्तीच्या मंडळाच्या सभेत त्याला मान होता. तिथं तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ही बाई दुसऱ्या दलालांकडून कमिशन खाते, म्हणून माझी घरं मोडते."

"कोनकडथून लिधं, नाव सांग," जीजी म्हणाली.

तो नुसता हसला. अध्यक्ष म्हणाले, "जीजी, बायकांनी व्यवहारात पडू नये." जिच्या शब्दावर घरं घेतली, तिच्यासाठी त्या सभेत एकाचंही तोंड उघडलं नाही. मीही तिथंच सतरंजीवर बसलो होतो. आजही ती सभा आठवली की माझं डोकं तापतं, आणि सगळ्यात आधी माझ्यावरच.

दगाभाऊला वाटलं, बायकोमुळे आपली मान खाली गेली. निंबाशेठशी गोडी करायला त्यानं त्याच्याच नव्या सोसायटीत घर घेतलं, जीजीला न विचारता. साड्यांच्या घड्या घालून तिनं साठवलेलं सगळं त्यात गेलं. तिनं कागद माझ्याकडे वाचायला आणला. जमीन शेतीची होती, घरं बांधायची परवानगीच नव्हती.

"आजून येखादा कागद शे का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग ते वावर शे, भाऊ. घर नही."

तिथं जे जे पैसे भरणार होते त्या प्रत्येकाच्या दारी ती गेली. पुरुषांनी ओट्यावरूनच तिला वाटेला लावलं. ही पुन्हा कमिशनसाठी आली, असं म्हणून हसले. निंबाशेठ मात्र रोज सांगत होता की तीनच घरं उरलीत, पार्ट्या रांगेत उभ्या आहेत. त्या न दिसलेल्या पार्ट्यांच्या धास्तीनं माणसांनी बायकांचे दागिने मोडले.

दोन वर्षांत सरकारी नोटिसा आल्या आणि बेकायदा म्हणून भिंती पाडल्या गेल्या. निंबाशेठ दुकानाला कुलूप लावून पसार झाला होता. मग तेच पुरुष जीजीच्या दारात आले. त्यातला एक म्हणाला, "जीजी, तू आणखी ठासून सांगायला हवं होतंस." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

जीजी उंबऱ्यातून हलली नाही. "मी सांगेल व्हतं. तुमीन मन्हं कमिशन काढं," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

साठवलेलं सगळं बुडालं होतं; भाड्याची खोलीही परवडेना, तेव्हा ती दोघं बारडोलीला मुलीकडे निघाली. जावई साखर कारखान्यात होता. बसस्टँडवर मी सामान घेऊन गेलो. दगाभाऊ तिकिटं काढायला गेला, तेव्हा माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "जीजी, त्या सभेत मी बोलायला हवं होतं."

जाऊ दे म्हणेल, असं मला वाटत होतं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "बोलाले जोयजे व्हतं."

मग पातेल्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं, आणि मी ते बसच्या टपावर चढवलं.