बसून खावा, अप्पा

बापाला उपाशी ठेवणारी पोरं आमच्या गावात नव्हती असं नाही. रेवणसिद्ध त्यातला नव्हता, आणि म्हणूनच मला त्याचा अजून राग येतो. त्यानं बापाला जीव लावून लावून मारलं.

त्याचा बाप धोंडप्पा. मी शेजारचा, तरी मीही त्यांना अप्पाच म्हणायचो. कळंबच्या बाजारात हमाली करून त्यांनी घर उभं केलं. ज्वारीचं भरलं पोतं कुणाचा हात न लागता पाठीवर घ्यायचे आणि वर अडत्यालाच दरडावायचे, "व्हा बाजूला, वाटंत काय हुबे ऱ्हायलाव?" साठी उलटल्यावर एक दिवस पोत्याखाली त्यांचा गुडघा टेकला. इजा काही झाली नाही, पण बाजारातली माणसं हसली आणि ते रेवणसिद्धाच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन त्यानं बापाचे पाय धरले.

"अप्पा, लई वझी वाहिली तुमी. आता बसून खावा."

गावानं वाहवा केली. निजामाच्या मोगलाईत पोटाची मारामार, त्यात असा लेक! ओसरीत बाज टाकली. अप्पांनी गोठ्यातल्या शेणाला हात लावला की सून जगदेवी धावत यायची. "मामंजी, लोकं मला काय म्हणतील?" पाणी हातात, ताट हातात. परसात जायचं तर रेवणसिद्ध काखेत हात घालून उठवायचा. जेवणही हलकं केलं. डाळ वातूळ म्हणून बंद, भाकरी जड म्हणून पातळ आंबील. दुधाचा पेला तर अप्पाच नातवंडांपुढं सरकवायचे. म्हाताऱ्यानं दूध प्यायची त्यांना लाज वाटायची. दोन-तीन वर्षांत मांड्या वाळल्या, पोटऱ्यांची कातडी लोंबायला लागली. खोकला नीट काढायचंही बळ उरलं नाही, छातीत घरघर राहायची. एकदा उंबऱ्याला अडखळून पडले, तर उठू बघायच्या आत रेवणसिद्धानं उचललं. झालं! त्या दिवसापासून त्यानं अप्पांचं चालणंच बंद केलं.

"बैल वरीसभर दावणीला बांधला तर जुवाला चालतो का रं?" अप्पा मला म्हणाले. "मला बी बांधलंय. तू तरी सांग त्याला."

मी सांगितलं. रेवणसिद्ध माझ्यावरच उखडला. "बापाला राबवू व्हय ह्या वयात? तुज्या बापाला राबव." माझा बाप अप्पांपेक्षा थोरला, आणि तेव्हाही रानात शेळ्यांमागं हिंडत होता. पण चांगुलपणा अंगात आला की माणसाला पुढचं दिसत नाही.

एका दुपारी मी ओसरीवर गेलो तर घरात कुणी नव्हतं. अप्पा बाजेवरून खाली उतरून बसले होते आणि दोन्ही हातांनी खांब धरून उठू पाहत होते. ढुंगण वीतभर उचललं, पाय लटलट कापले आणि ते धपकन खाली बसले. ज्या माणसाच्या पाठीवर सारा बाजार हलला, तो माणूस माझ्यादेखत रडला.

"कुणाला सांगू नगंस. रोज करतो म्या. मला माज्या पायानं परसात जाऊन यायचंय, बास. दुसरं काय मागत न्हाय."

मी त्यांना उचलून बाजेवर ठेवलं. अजून काही दिवस मिळाले असते तर अप्पा उठले असते, असं मला वाटतं. पण अठ्ठेचाळीस सालचा श्रावण लागला आणि रझाकार येतायत अशी हूल उठली. भर दुपारी सगळं गाव ओढ्याकडं पळायला लागलं. पावसानं ओढ्याची उतरण निसरडी झालेली, त्यातून म्हाताऱ्याला खांद्यावर नेणं अवघड. अप्पाच म्हणाले, "मला ऱ्हाऊ द्या. म्हाताऱ्याचं कोन काय घेतंय? दिवस मावळायला येतावच की."

ओसरीवर ते कुणाला दिसू नयेत म्हणून रेवणसिद्धानं त्यांना आत नेलं, जमिनीवर घोंगडी टाकून बसवलं. जगदेवीनं पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. भाकरी आणि दही मात्र तिनं, मांजर तोंड घालील म्हणून, रोजच्यासारखं शिंक्यात टांगलं. पाच वर्षं त्यांना ताट हातात मिळत होतं. भुकेला माणूस उठून घेईल, एवढंच तिच्या मनात आलं. ते उठू शकत नाहीत, हे घरात कुणी कधी पाहिलंच नव्हतं. उठायच्या आधीच त्यांना उचलायचे ना!

ओढ्यात निरोप आला की गावात परतू नका, मोगलाईच्या हद्दीपलीकडं बार्शीच्या अंगाला चला. पोराबाळांसह सगळे निघालो. रेवणसिद्ध वाटेतून दोनदा मागं पळाला, आम्हीच त्याला धरून आणला. "मारतील तुला," म्हणालो. पलीकडं पोचल्यावर तो जेवला नाही. अखेर चौथ्या दिवशी गाव सुखरूप असल्याचं कळलं तेव्हा सगळ्यांत पुढं तोच धावत होता. आमच्या गावात कुणी आलंच नव्हतं.

दार उघडलं तर अप्पा शिंक्याखाली पडले होते. घरातल्या वाकळा ओढून त्यांनी एकावर एक रचल्या होत्या. शेजारचा खांब धरून धरून तळहात सोलून निघाले होते. तांब्या लवंडलेला. शिंक्यातल्या भाकरीवर बुरशी धरली होती. शिंकं काही आढ्याला नव्हतं, उभ्या माणसाच्या डोक्याएवढंच होतं.

जीव होता अजून. जगदेवीनं पाण्याचे थेंब ओठात सोडले, त्यानंही ठसका लागला आणि तो त्यांना काढता आला नाही. सुनेकडं बघून म्हणाले, "लई करून बघितलं, पोरी. उठताच आलं न्हाय." ऊन कलायच्या आत गेले.

आमच्यात माणसाला आडवं करत नाहीत, बसवूनच पुरतात. अप्पांना खाली घ्यायला रेवणसिद्ध स्वतः खड्ड्यात उतरला. रोजच्या सवयीनं त्यानं काखेत हात घातले, आणि बसवायचं सोडून तो त्यांना उभं करायला लागला.

"उठा, अप्पा. आता न्हाय बसवत म्या. उठा की!"

आम्ही चौघांनी मिळून त्याचे हात सोडवले आणि अप्पांना बसवलं.