कोरड्या फलजमधलं फणसाचं पान

सुरुवातीलाच सांगते, आमच्या घरात कुणाला काही दिसलं-भासलं की मी आधी चष्म्याचा नंबर विचारते. लहानपणी गावी अमुक झाडाखालून जायचं नाही, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडायचे नाहीत, असलं सगळं ऐकलं आणि सगळं मुद्दाम करून पाहिलं... काही झालं नाही. त्यात माझा धंदा पाण्याचा. शारजात एका कंपनीत मी पंप विकते. पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि मध्ये कुठे मुरतं हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. आणि मागच्या हिवाळ्यात जे पाहिलं ते नेमकं पाण्याबद्दलच होतं, म्हणून ते डोक्यातून जात नाही.

आम्ही अल मजाजला राहतो, लगूनच्या, म्हणजे शहरात शिरलेल्या खाडीच्या, कडेच्या एका टॉवरमध्ये. मी, माझा नवरा सलीम, तिसरीतली मुलगी झारा आणि अम्मी गेल्यापासून माझे अब्बा. अब्बांना विसरण्याचा आजार आहे. आधी किल्ल्या विसरले, मग गल्ल्या, मग माणसं. रत्नागिरीजवळच्या गावात एकटं ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून इकडे आणलं. इथे आल्यावर थोड्याच दिवसांत मला 'बाई' म्हणायला लागले. 'बाई, चहा मिळेल काय?' अगदी अदबीने, पाहुण्या घरी मागावा तसा. पहिले काही दिवस मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. मग सवय झाली... निदान विचारणाऱ्यांना मी तसं सांगायचे.

डिसेंबरात राष्ट्रीय दिनाची सुट्टी लागून आली. सलीम फुजैराच्या पोर्टवर शिपिंगच्या ऑफिसात आहे. त्याला तिथल्या कुणीतरी डोंगरातली एक वाट सुचवली होती. धरणाच्या तळ्यापासून निघायचं, वाडीच्या कडेकडेने, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीपात्राच्या कडेने चालायचं आणि दगडी घरांच्या एका जुन्या गावाशी पोचायचं. घरं सरकारने डागडुजी करून बघण्यासाठी ठेवली आहेत. बेबी-गाडीसुद्धा जाईल अशी वाट, असं सलीम म्हणाला. सलीमच्या 'सोप्या' वाटा मला चांगल्या ठाऊक आहेत, पण ही खरंच सोपी निघाली. गावाचं नाव मात्र देत नाही. उगाच रील काढायला झुंबड नको.

तळं हिरवंगार, बाकी सगळा डोंगर भाजलेल्या मातीच्या रंगाचा. अब्बा काठी टेकत छान चालले. गावाशी पोचलो तर एक दगडी पाट दिसला. याला इथे फलज म्हणतात. डोंगरातलं पाणी खजुरांच्या बागेपर्यंत आणायची जुनी सोय. हा मात्र ठणठणीत कोरडा होता, तळाशी धूळ आणि शेळ्यांच्या लेंड्या. गावाची देखभाल करणारा एक म्हातारा अरब सावलीत बसला होता. त्याच्या जुन्या हिंदीत तो म्हणाला की यात पाणी त्याने स्वतःसुद्धा कधी पाहिलेलं नाही, फक्त बापाकडून ऐकलंय. अब्बांनी वाकून पाटाच्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाले, "पाट." कितीतरी दिवसांत त्यांच्या तोंडून कुठल्या वस्तूचं नाव असं फट्‌कन निघालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी झाराला तिथेच आमच्या बागेची गोष्ट सांगायला बसले.

आमची पोफळीची बाग उतारावर होती. वरच्या अंगाला झऱ्याचं पाणी अडवलेलं. अब्बा वर जाऊन पाटात पाणी सोडायचे आणि मी खाली, पोफळींच्या आळ्यांशी उभी. पाणी पोचलं की एकेका आळ्याचं तोंड उघडायचं काम माझं. मधे झाडी इतकी दाट की हाक ऐकू यायची नाही. म्हणून अब्बा पाण्याबरोबर फणसाचं पान सोडायचे. पेज प्यायला चमचा करतात तसं दुमडलेलं. बाकीचे लोक त्याला नारळाच्या झापाचा हीर टोचतात. अब्बा मात्र पानालाच चीर पाडून त्यातून त्याचा देठ ओवायचे. अशी घडी आमच्या गावात दुसरं कुणी घालत नसे. पान आलं म्हणजे अब्बांनी पाणी सोडलंय, आता सावध. पुढे बागेत पंप आला आणि पान बंद झालं.

झाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बट व्हाय डिडन्ट ही जस्ट कॉल यू?" मी म्हटलं, तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता बाई. बिचारीला ते पटायला वेळ लागला.

मग जोहरची, दुपारच्या नमाजची वेळ झाली. अब्बांना बोरीच्या सावलीत चटईवर बसवलं, झाराला शेजारी ठेवलं आणि मी व सलीमने पलीकडच्या ओट्यावर नमाज सुरू केली. शेवटचा सलाम फेरून बघते तर चटईवर फक्त काठी. झारा चार पावलांवर शेळीच्या पिल्लाशी खेळत होती. तिला काही कळलंच नव्हतं.

आधी घरांमधून शोधलं. मग हाका. हाकांचा काय उपयोग म्हणा... त्यांना स्वतःचं नावसुद्धा कधी आठवतं, कधी नाही. सलीमने पोलिसांना फोन केला. ते निघालो म्हणाले, इतक्यात नेटवर्क गेलं. डिसेंबर असला तरी भर दुपारचं ऊन दगडांवरून वर येत होतं. अब्बांजवळ पाणी नव्हतं, काठी नव्हती. सकाळची प्रेशरची गोळी दिली होती, तिने त्यांना चक्कर येते. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला कडे. सलीम तळ्याकडे पळाला, म्हातारा वाडीच्या पात्रात उतरला. अब्बा परत आलेच तर कुणीतरी हवं म्हणून मी झाराचा हात धरून गावात थांबले. थांबण्याइतकं वाईट काम नाही. मी मोठ्याने दुआ मागत होते. अल्ला, मला न ओळखोत हवं तर, जन्मभर बाई म्हणोत, पण असे उन्हात एकटे पडलेले नकोत.

आणि आवाज आला.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. कोरड्या पाटातून पहिलं पाणी येतं तेव्हा ते खळखळत नाही, सरसरतं. पुढे धूळ, काटक्या, सुकलेला पाला ढकलत येतं आणि मुंग्या दोन्ही कडांवर चढतात. मी वळून पाहिलं तर फलजच्या वळणावरून अगदी तसंच पाणी येत होतं. "ममा... इट्स वेट," झारा हळूच म्हणाली. मी गुडघ्यांवर बसले आणि हात घातला. गार होतं. उन्हाने तापलेल्या दगडांवरून येऊनही गार.

पाल्यामागून पान आलं.

फणसाचं. हिरवंगार, मघाशी तोडल्यासारखं. दुमडलेलं, आणि देठ पानातच ओवलेला. माझ्या हाताला लागलं तसं मी तो देठ उपसला, तर त्यातून पांढरा चीक आला आणि बोटांना चिकटला. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. अंगावर काटा आला, पण तो मोठ्या मशिदीत पहिल्यांदा पाऊल ठेवताना येतो तसा. आपण फार लहान आहोत आणि तरी आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे, असं काहीसं. मी अर्थ लावत बसले नाही. अब्बांनी पाणी सोडलंय म्हणजे अब्बा वर आहेत, एवढं मला लहानपणापासून पाठ आहे.

झाराला घेऊन पाटाच्या कडेने चढत गेले. वळण, मग आणखी एक वळण, आणि खडकाच्या सावलीत अब्बा बसलेले. पाय पाण्यात, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. पाटाची एक कड तिथे ढासळली होती. ती त्यांनी दगड आणि ओली माती लावून नीट बांधून काढली होती. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या हातातल्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वर कशाला आलीस गो, शमू?" ते रागावून म्हणाले. "आळी कोन भरील?"

शमू. मी शमीम, आणि शमू फक्त अब्बांची. मी तिथेच पाण्यात बसून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. झाराने आपली बाटली अब्बांच्या तोंडाला लावली आणि ते घटाघटा प्यायले.

आता जे सांगते ते सलीमनेही पाहिलंय, त्या म्हाताऱ्यानेही. आमच्या हाका ऐकून दोघं वर आले. अब्बा बसले होते तिथून खाली पाटात पाणी होतं. त्यांच्या वरच्या बाजूला पाट कोरडा! नुसता कोरडा नाही, पुढे दरड कोसळून तो पार बुजलेला. म्हातारा बराच वेळ कधी वर, कधी खाली बघत राहिला. मग खाली बसला, ओंजळ भरली, चेहऱ्यावरून फिरवली आणि हिंदीत इतकंच म्हणाला, "मेरे बाप ने सच बोला था." त्याच्या दाढीतून पाणी ठिबकत होतं. पोलिसांची गाडी येईपर्यंत पाटात फक्त ओल उरली होती. फोटो का नाही काढला असं विचाराल. बाप हरवलेला असताना फोटो सुचत नाही.

गाडीत मी अब्बांना विचारलं, पान कुठलं? त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "झाडाचं."

पुढच्या आठवड्यात मी एकटी परत गेले, धंद्याची सगळी अक्कल घेऊन. पाझर असेल, वरच्या पावसाचं साठलेलं पाणी अब्बांनी दगड हलवल्यावर सुटलं असेल... पाण्याचं एकवेळ सोडून देऊ, पाणी लबाड असतं. पण त्या सबंध डोंगरात खजूर, बोरी आणि काटेरी बाभळी सोडून झाड नाही. फणसाचं झाड मी या देशात इतकी वर्षं राहूनसुद्धा कुठे पाहिलेलं नाही. सुपरमार्केटात गरे मिळतात, डब्यात. आणि डब्यातल्या गऱ्यांना पान नसतं. सलीम आता तो विषय निघाला की 'अल्ला की कुदरत' म्हणतो आणि खलास. मला तेवढ्यावर थांबता येत नाही, आणि त्यापुढेही जाता येत नाही. पान झाराकडे आहे. आता तपकिरी झालंय, पण देठ ओवायची चीर तशीच दिसते.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावरचं तेवढं सांगायचं राहिलं. फणसाचा चीक साबणाने जात नाही, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं. माझी बोटं चिकट होती आणि अब्बांची माझ्याहून जास्त. मी वाटीत खोबरेल घेतलं, त्यांना बाल्कनीत बसवलं आणि एकेक बोट चोळायला लागले. खाली लगूनवर दिवे लागत होते. अब्बा माझ्या हातांकडे बघत राहिले.

"तुमचं नाव काय, बाई?" त्यांनी अदबीने विचारलं.

"शमीम."

"माझ्या मुलीचं पण तेच," ते म्हणाले. मग जरा घुटमळून म्हणाले, "ती खाली उभी आहे. पानी पोचला काय तिला, तेवढा बघून येशील?"

मी त्यांचं शेवटचं बोट पुसलं.

"पोचलं, अब्बा," मी म्हटलं. "मी बघूनच आलेय."