विटांवर न चढलेली गाडी

कॉव्हेंट्रीत आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. त्यांच्याकडे गडद हिरव्या रंगाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार होती. ऑक्टोबर लागला की ते तिला झोपवायचे. चाकं काढून तिला विटांच्या ढिगांवर चढवायची, बॅटरी स्वयंपाकघरात नेऊन ठेवायची, चकाकत्या भागांना व्हॅसलीन फासायचं, वरून जुन्या चादरी घालायच्या. मग ईस्टरपर्यंत गॅरेजचं दार बंद.

"मीठ, लव्ह," ते मला कुंपणावरून सांगत. ते सगळ्याच बायकांना 'लव्ह' म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाईघाईने घरात निघून गेले होते. "बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते पत्रा खातं. हिवाळ्यात अशी गाडी बाहेर काढणारा माणूस मूर्ख तरी असतो, नाहीतर श्रीमंत."

आमचीही गाडी तशीच होती, फक्त मलईच्या रंगाची. माझा नवरा गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. पुण्यात कॉलेजात असल्यापासून त्याला उघड्या टपाची गाडी हवी होती, आणि मी लग्न होऊन आले त्याच वर्षी त्याने ती जुन्या बाजारातून घेतली. लिहिताना मी 'तो' लिहिते आहे, पण तोंडाने त्याला आजही 'अहो'च म्हणते. रविवारी तो तिला इतक्या हळुवार हाताने पुसायचा की खिडकीतून बघताना मला उगाचच संकोच वाटायचा.

त्याच गाडीवर त्याने मला चालवायला शिकवलं. मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, इंग्रजी बरं होतं, पण अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली की मी नवऱ्याच्या मागे सरकायचे. गाडीत मात्र कोणाशी बोलावं लागत नसे. दुसऱ्या खेपेला मी टेस्ट पास झाले आणि त्या उन्हाळ्यात मला गावाबाहेरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम मिळालं. नवरा कारखान्यात चालत जायचा, गाडी मी न्यायचे. सकाळी लवकर वॉर्डांतून रक्ताचे नमुने यायचे आणि डॉक्टरांची फेरी सुरू व्हायच्या आत रिपोर्ट लागायचे. पांढरा कोट घालून मायक्रोस्कोपवर वाकलेली मी कोणाची सून नसायचे, कोणाची बायको नसायचे. मला ते काम फार आवडायचं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

सप्टेंबर संपता संपता नवरा जेवताना म्हणाला, "या वर्षी गाडी ठेवून द्यावी म्हणतो. शेजारच्यांसारखी, विटांवर. ते मदतीला येतायत. तू बसने जाशील ना?"

"बघते," मी म्हटलं.

बघायचं काही उरलंच नव्हतं, मी आधीच चौकशी केली होती. पहिली बस हॉस्पिटलपाशी पोचायची तेव्हा आमची लॅब उघडून तास झालेला असायचा. आमच्या मुख्य बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की उशिरा येणारं माणूस त्यांना चालणार नाही आणि जागा कोणासाठी रिकामी ठेवली जाणार नाही. म्हणजे गाडी विटांवर गेली की माझं काम गेलं. पण गाडी त्याची होती, किती वर्षांच्या हौसेची होती. माझ्यासाठी तिचा पत्रा सडू द्या असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? मी मनातल्या मनात राजीनामा देऊन टाकला आणि नवऱ्याला सांगायला कारणही ठरवलं: थंडी सोसत नाही.

त्या वर्षी दसरा आठवड्याच्या मधेच आला. इथे सुट्टी कुठली, म्हणून आम्ही तो रविवारी केला. आणि गाडी विटांवर चढवायची तीही त्याच रविवारी.

झेंडू मिळाला नाही. फुलवाल्याकडून पिवळी शेवंती आणून मी हार केला. आपट्याची पानं मिळणं तर शक्यच नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांच्या कुंपणाची चार पानं त्यांना विचारून तोडली. नवऱ्याने बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. शेजारी जॅक आणि विटा घेऊन आले होते. ते टोपी काढून, हात पुढे बांधून उभे राहिले, चर्चमध्ये उभे राहावेत तसे.

"झालं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. "आता उचलायची?"

नवऱ्याने बाह्या सरसावून जॅक गाडीखाली सरकवला. एक चाक जमिनीवरून उचललं गेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, आणि सीमोल्लंघन?"

"काय?"

"दसऱ्याला सीमा ओलांडायची असते ना? पूजा करून लगेच कोंडून कशी ठेवायची?"

"अगं, आता? चाकं काढायला घेतलीत मी."

शेजारी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. "काही चुकलं का, लव्ह?"

मराठीत मला पुढे एक शब्द सुचला नसता. इंग्रजीत, का कोण जाणे, सगळं सरळ सांगता आलं. मी म्हटलं की आमच्यात आजच्या दिवशी हत्यारं, अवजारं, गाड्या पुजतात, आणि त्यानंतर गावाची हद्द ओलांडून बाहेर जातात. पूर्वी राजे याच दिवशी मोहिमेवर निघायचे. हा निघण्याचा दिवस आहे, दार लावून घेण्याचा नाही.

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे मी ज्या दिवशी बंद करतो त्या दिवशी तुमचं सुरू होतं! मग आधी बिचारीला फिरवून तरी आण. विटा कुठे पळून जात नाहीत. मी तोवर चहा घेतो."

नवऱ्याने जॅक खाली केला आणि काळेभोर हात मला दाखवले. "माझे हात ग्रीसने भरलेत. तूच घे."

मी चोक ओढला, गाडी सुरू केली. गावाच्या नावाची पाटी मागे पडली. मी कुठे जायचं हे ठरवलं नव्हतं, पण हात रोजच्या वळणावर वळले आणि थोड्या वेळाने आम्ही हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभे होतो. टप उघडा होता. हारातल्या पाकळ्या वाऱ्याने उडून आमच्या मांडीवर पडल्या होत्या.

"हे तुझं हॉस्पिटल?" त्याने विचारलं. तो इथे कधी आलाच नव्हता.

"हो. ती कोपऱ्यातली खिडकी आमच्या लॅबची." मग स्टिअरिंगकडे बघतच मी सांगून टाकलं. बसचं. मुख्य बाईंचं. आणि खिडकीच्या आत मला कसं वाटतं तेही, जमेल तसं, अर्धं मराठीत अर्धं इंग्रजीत.

तो त्या खिडकीकडे बघत राहिला. मला वाटलं, रागावला.

"आणि मला म्हणालीस, बघते."

"गाडी तुमची आहे."

"सडेल ती."

"माहीत आहे."

"थंडीत सकाळी लवकर सुरू पण होणार नाही."

"मी आणखी लवकर उठेन."

त्याने शर्टाच्या खिशात चाचपलं आणि कुंपणाचं एक पान काढलं. त्यावर त्याच्या बोटांचा काळा ठसा उमटला. "घे," तो म्हणाला, "सोनं द्यायचं राहिलंच होतं."

परत आलो तर शेजारी आमच्या पायरीवर कप घेऊन बसलेले. नवऱ्याने त्यांना सांगितलं, विटा घेऊन जा, गाडी हिला लागणार आहे.

"मीठ खाऊन टाकेल तिला."

"खाऊ दे."

"अरे, तू इंजिनिअर ना?" त्यांनी मान हलवली, ढकलगाडीत विटा भरल्या आणि पुटपुटत निघून गेले. संध्याकाळी पुन्हा दार वाजलं. बाहेर तेच, हातात एक जाडजूड घोंगडं. "रात्री इंजिनावर टाकत जा, लव्ह. सकाळी काढायला विसरू नकोस, नाहीतर पेटेल."

तो हिवाळा आणि त्यानंतरचे सगळे हिवाळे मी ती गाडी चालवली. कापडी टपातून वारा यायचा, हीटर असून नसल्यासारखा होता. साडीखाली लोकरी पायमोजे आणि वरून नवऱ्याचा ओव्हरकोट, अशा अवतारात मी कामावर पोचायचे. दर रविवारी नवरा कोमट पाण्याच्या बादल्या घेऊन फुटपाथलगत आडवा व्हायचा आणि चाकांच्या आतलं, पत्र्याखालचं मीठ धुऊन काढायचा. बाहेर बोटं बधिर करणारी थंडी. घरात आला की नळाखाली हात धरून उभा राहायचा. मी चहा पुढे करायचे. यावर आम्ही कधी काही बोललो नाही.

मलाही काहीतरी करावंसं वाटायचं. एकदा व्हॅसलीन संपलं होतं म्हणून मी घरून आलेलं केसांचं खोबरेल बंपरला, दिव्यांच्या कडांना चोळलं. सकाळी ते थिजून पांढरं झालेलं, आणि एक मांजर बंपर चाटत बसलेलं. शेजारी कुंपणाला धरून हसले. "आमच्या हिला तुमची गाडी आली की लगेच कळतं, आधी नारळाच्या बिस्किटांचा वास येतो मग आवाज!"

व्हायचं ते झालंच. आधी दारांच्या खालच्या कडा गेल्या, मग मडगार्ड. सत्तर सालानंतरच्या एका वर्षी वार्षिक तपासणीत तिला नापास केलं. पायांखालचा पत्रा इतका गेला होता की रबरी मॅट उचलली की खालचा रस्ता दिसायचा. तोवर त्या लॅबमध्ये मी नव्या मुलींना शिकवू लागले होते. मुख्य बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांची खुर्ची मला मिळाली, आणि त्याच महिन्यात भंगारवाला गाडी न्यायला आला.

त्या दिवशी शेजारीही बाहेर आले. ईस्टर नुकताच होऊन गेला होता, त्यांची हिरवी गाडी त्यांच्या दारात उभी होती, कालच घेतल्यासारखी झळझळीत. मला वाटलं, आता ते म्हणतील, मी सांगितलं होतं. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझी शोरूममधून आली तशीच आहे. तुमची कुठेतरी पोचली."

बॉनेटवर हळदीचा एक फिकट पिवळा डाग शेवटपर्यंत राहिला होता. इतक्या वर्षांत कुठल्याच पॉलिशने तो गेला नव्हता. गाडी साखळीने ओढून वर चढवताना नवरा त्या डागाकडे बघत होता. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"अहो," मी म्हटलं, "थँक यू."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा म्हणत होते. तो गोंधळला. "कशाबद्दल?" म्हणाला, आणि मग माझ्याकडे नीट बघून, "थंडी आहे. आत चल."