उन्हाच्या उतारावरचे ओक

भावना इंगळेच्या तोंडी शिव्या नव्हत्या, पण शिरीष सरांचं नाव निघालं की सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या त्या फ्लॅटमध्ये भांडी जरा जोरात आदळायची. नवरा रत्नदीप जुरोंग आयलंडहून कंपनीच्या बसने दमून यायचा आणि आवाजावरूनच ओळखायचा, आज पुन्हा इराणचे डोंगर निघालेत.

प्रकरण असं होतं. पुण्यात सरांच्या हाताखाली झाडांवर संशोधन करत असताना भावनाने त्या कोरड्या डोंगरांत दोन उन्हाळे काढले. तिथे दोन जातींचे ओक. एक चिवट, उन्हातान्हात, दगडातही तग धरणारा. दुसरा आपल्या बाळगुटीतल्या मायफळाचा. बारीकशी माशी त्याच्या फांदीत अंडी घालते, झाड भोवती गाठ धरतं, तेच मायफळ. हा ओक लाडावलेला. पाऊस आधीच बेताचा, म्हणून त्याला ओल टिकणारा, उत्तरेकडचा सावलीचा उतारच लागतो. कुठल्या उतारावर कुठला ओक, याचा नकाशा भावनाने केला, आणि त्यात तिच्याच हातून उतारांची अदलाबदल झाली. लग्न होऊन सिंगापूरला आल्यावर तिला ती चूक सापडली. ती कळवणार, तोच सरांचा छापील लेख हाती आला. नकाशा तोच, चुकीचा. नाव मात्र एकट्या सरांचं.

"अगं, कळवून टाक त्यांना. त्या नकाशावरून तिकडे झाडं लावणार आहेत," रत्नदीप म्हणाला.

"लावू देत. माझं नाव खाल्लंय त्यांनी. पडू देत तोंडघशी!"

आणि बाई खरंच गप्प बसली. मायफळाच्या ओकाची हजारो रोपं भर उन्हाच्या उतारावर लावली गेली आणि करपली. बातम्या वाचून भावनाला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त बरं वाटायचं.

२००७ साली तांजोंग पगारच्या एका हॉटेलात परिषद भरली आणि सर बोलायला आले. भावनाने रजा टाकली, ठेवणीतली साडी नेसली. "आज बघ, मम्मीचं नाव सगळ्यांना कळणार," असं लेकीला, एकताला सांगून ती निघाली आणि थेट पहिल्या रांगेत बसली.

भाषण संपल्यावर इराणचा एक वयस्कर वनाधिकारी उठला. "तुमच्या नकाशावर विसंबून आम्ही रोपं लावली," तो शांतपणे म्हणाला. "सगळी मेली. का?"

सरांना दरदरून घाम फुटला. हाच घाम पाहायला भावना इतकी वर्षं थांबली होती. तिने तो डोळे भरून पाहिला. तेवढ्यात सरांची नजर तिच्यावर पडली.

"नकाशा माझा नाही," ते म्हणाले. "माझ्या तेव्हाच्या सहायक भावना इंगळे यांनी केलाय. त्या इथेच बसल्या आहेत."

सगळी सभा वळली. चूक मला केव्हाच सापडली होती, हे उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण मग सांगितली का नाही, हा त्यावरचा प्रश्न तिला आधीच ऐकू येत होता. म्हातारा तिच्याकडे पाहत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"हो, माझाच आहे," एवढंच ती बोलली.

घरी दार उघडताच एकता धावत आली. "मम्मी, दे से युअर नेम ऑर नॉट?"

"घेतलं गं," भावना म्हणाली. "सगळ्यांसमोर घेतलं."

त्या दिवशी भांडी अगदी हळू ठेवली गेली.