आर्डिसबाईंचं डिसेंबरचं पत्रक

आर्डिस हाल्वोर्सनच्या हातून असं काही होईल, असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला शाळेच्या ऑफिसातून हाकलून दिलं असतं. अजूनही कधीतरी कॉफी ओतता ओतता ते आठवतं आणि माझा हात तिथल्या तिथे थांबतो. आर्डिसच्या हातून? छे, शक्यच नाही, असं मी स्वतःलाच म्हणते. आणि मग आठवतं, की मी तिथे होते.

आर्डिस आमच्या टॅमरॅक गावच्या प्राथमिक शाळेची नर्स. मी वांडा, शेजारच्या खोलीत टेलिफोन, हजेरी आणि पालकांची भांडणं सांभाळणारी. दोन्ही खोल्यांमध्ये एक सरकती काच आहे, ती आम्ही कधी लावली नाही. आर्डिस हाडापेराने दणकट, केस स्वतःच कापणारी आणि तसे कापलेत हे लगेच कळावं असे. मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला लाकूडतोड्याच्या घरात जन्मली, त्याच घरात अजून राहते, वडिलांच्याच लाकडाच्या शेगडीच्या उबेवर. तिच्यापुढे खोटं पोटदुखीचं सोंग कुणाचं चाललं नाही. पण एखाद्या पोराचे हातमोजे ओले दिसले की ही बाई स्वतःचे काढून द्यायची आणि घरी खिशात हात घालून जायची.

तिचा जीव होता हिवाळी पत्रकात. थंडीची चाहूल लागली की दर महिन्याला एक पान, शाळेतल्या प्रत्येक घरी. टोपी, हातमोजे, बर्फाचे बूट दप्तरासोबत पाठवा. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर जाणारच, उगाच चिठ्ठ्या देऊ नका. खोकताना कोपरात खोका. ताप किंवा उलटी असेल तर मूल घरीच ठेवा, पूर्ण बरं होऊन एक दिवस उलटेपर्यंत. ती सांगायची, मी टाइप करायची, आणि दर वेळी तेच रडगाणं.

"हे वाचतं कोण गं वांडा? दप्तराच्या तळाशी केळ्याच्या सालीखाली सापडतं मला माझं पत्रक."

"मी वाचते की."

"तू टाइप करतेस. त्याला वाचणं म्हणत नाहीत."

त्या डिसेंबरात थंडी लवकर आली आणि घर तापवायचा गॅस महागला होता. आर्डिसने पत्रकाच्या खाली एक चौकट घालायला सांगितली: 'माझ्या वडिलांची युक्ती'. घराच्या भिंतींना बाहेरून फावड्याने बर्फ लावा, खिडकीच्या चौकटीपर्यंत, आणि चांगला दाबून घ्या. जमिनीखालून वारा शिरत नाही, मुलांच्या खोल्या उबदार राहतात. इथल्या प्रत्येकाचे आजोबा हेच करायचे. मी कौतुकाने एक छोटं घरही काढलं, भोवती बर्फाची भिंत आणि धुराड्यातून धूर. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि म्हणाले, "वा, आमची आजी आठवली." कुणाच्याही मनात शंका आली नाही, माझ्याही नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये रेन्टेरिया कुटुंब गावात आलं होतं. टेक्सासच्या पार दक्षिणेकडचं, मेक्सिकोच्या सीमेवरचं. झेके रेन्टेरियाला कागदाच्या गिरणीत रात्रपाळी मिळाली आणि सोडरलंडचं जुनं घर भाड्याने. भाडेकरू यायचे म्हणून घरमालकाने त्यात घर उबदार ठेवणारी नवी गॅसची भट्टी बसवून घेतली होती. या लोकांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. झेकेची बायको नोएमी पत्रक हातात घेऊन ऑफिसात यायची.

"मिसेस हाल्वोर्सन, बर्फाची विजार शाळेत घालूनच पाठवायची की पिशवीत?"

"घालूनच पाठव बाई, म्हणजे बसस्टॉपवर कुल्फी होणार नाही."

त्यांची दुसरीतली यारेली तर पहिला बर्फ पडायच्या आधीच पत्रकातलं सगळं अंगावर चढवून आली, घामाने डबडबलेली. आर्डिस हसली नाही. ती गेल्यावर काचेतून डोकं घालून म्हणाली, "वांडा, वाचणारं माणूस आलं गं गावात!" त्या दिवशी तिने मला स्वतःच्या डब्यातला अर्धा केक दिला, यावरून काय ते समजा.

जानेवारीत शाळेत फ्लूची साथ आली. खोकणारी पोरं रांगेने आर्डिसच्या खोलीत. त्यात यारेली. डोकं दुखतंय, दोनदा उलटी. ताप मात्र नव्हता. आर्डिसने नोएमीला फोन लावला, नियमाप्रमाणे घरी पाठवली. एक दिवस घरी राहून पोर आली ती चेहरा पांढराफटक करून. दुपारपर्यंत डबा खाऊन मैदानात पळायला लागली. दुसऱ्या सकाळी पुन्हा उलटी.

"बरी व्हायच्या आधीच पाठवतेय आई," आर्डिस चिडली. "मला वाटलं होतं ही तरी ऐकणारी आहे."

नोएमी आली, माफी मागून मागून पोरीला घेऊन गेली. यारेली दाराशी रडायला लागली. "मला घरी नका ना पाठवू. मला इथे बरं वाटतं."

मला हसू आलं. इतक्या वर्षांत असं म्हणणारी ती पहिलीच. "बघ आर्डिस, शाळेवर प्रेम बघ."

"प्रेम ठीक आहे," आर्डिस म्हणाली, "पण नियम म्हणजे नियम. जा बाळा, घरी जाऊन छान झोप."

घरी जाऊन छान झोप!

पुढच्या सोमवारी यारेली बसमधून उतरता उतरताच ओकली. आर्डिसने तिला खाटेवर निजवलं आणि फोन केला. नोएमी आली तेव्हा मी ओळखलंच नाही तिला. एरवी केस विंचरल्याशिवाय दारात न येणारी बाई, डोक्यावर झोपेचा गुंता, एक हात भिंतीला टेकलेला.

"मलाही झालंय," ती म्हणाली. "डोकं फुटतंय नुसतं. घरात सगळ्यांनाच आहे. मांजरसुद्धा काल ओकलं, आज उठतच नाही."

आर्डिस घरी पाठवायची चिठ्ठी लिहीत होती. तिचं पेन थांबलं.

"मांजर?"

"हो, आमचं पिंटो."

"नोएमी, मांजराला आपला फ्लू होत नाही."

खाटेवर यारेली उठून बसली होती, गालांवर रंग परत येत होता, आणि आर्डिस एकदा पोरीकडे, एकदा आईकडे पाहत होती. मी आर्डिसला अपघात पाहताना पाहिलंय, तुटलेलं हाड सांभाळताना पाहिलंय. पण तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"झेके कुठाय?" तिने विचारलं.

"झोपलाय. रात्रपाळी करून आला. निघताना हाक मारली मी, उठला नाही. दमला असेल म्हटलं."

"वांडा, बंब बोलव. सोडरलंडच्या घरी. सांग, घरात विषारी वायू आहे, आत माणूस आहे. आणि गाडी काढ. तू चालव."

मी फोन केला, मायलेकींना मुख्याध्यापकांच्या ताब्यात दिलं आणि गाडी अशी हाणली की वळणावर दोनदा घसरली. आमच्याकडचे बंबवाले म्हणजे दुकानदार आणि शेतकरी, बोलावल्यावर हातातलं काम टाकून येणारे. आम्ही त्यांच्या आधी पोचलो.

आणि मी समोर पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. घराच्या चारी बाजूंनी बर्फ लावला होता. खिडकीच्या चौकटीपर्यंत, फावड्याच्या पाठीने थापून थापून, सरळ, गुळगुळीत. मी पत्रकात काढलेल्या चित्रापेक्षा सुबक. फक्त या घराला धुराडं नव्हतं. नव्या भट्ट्यांचा धूर छपरावरून जात नाही, भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर निघालेल्या पांढऱ्या नळीतून जातो. ती नळी त्या सुबक बर्फाच्या आत कुठेतरी पुरली गेली होती, आणि भट्टीचा सगळा वायू, ज्याला ना वास ना रंग, उलटा घरात भरत होता.

"अरे देवा," आर्डिस म्हणाली. "अरे देवा, माझंच आहे हे."

मग ती पळाली. दार उघडंच होतं, आमच्याकडे कुलपं कोण लावतं! तिने छातीभर श्वास घेतला आणि आत शिरली. मी दारं सताड उघडी टाकली, ओसरीवरची खुर्ची उचलून खिडकीची काच फोडली. झेकेला तिने रजईसकट ओढत आणलं. तो आडदांड माणूस. उंबऱ्याशी मी पाय धरले आणि दोघींनी त्याला बर्फात लोळवला. गंजिफ्रॉकवर, उणे वीसच्या थंडीत, आणि अंगावर काटासुद्धा नाही.

"झेके! ए झेके! श्वास घे!" ती त्याच्या थोबाडीत मारत होती. "मरायचं नाही, ऐकतोस ना? मी सांगतेय, मरायचं नाही!"

मला वाटलं संपलं. खरंच वाटलं. मी प्रार्थना करायला गेले तर एक शब्द आठवेना. मग त्याच्या घशातून घरघर आली, तो खोकला, आणि तेवढ्यात पोचलेल्या बंबवाल्यांनी तोंडावर प्राणवायूची नळी लावली तेव्हा त्याने एक डोळा उघडला.

"रात्रपाळी चुकली का माझी?" तो म्हणाला.

मी बर्फात मटकन बसले आणि हसू लागले, आणि ते हसू कधी रडं झालं मला कळलं नाही. बंबवाल्यांपैकी ऑर्विल आतून एक टॉवेलची गुंडाळी घेऊन आला. त्यात पिंटो होतं. त्याने ते ओसरीच्या कडेला हलकेच ठेवलं आणि आर्डिसला विचारलं, "वायूचा इशारा देणाऱ्या भिंतीवरच्या यंत्रात बॅटरी नाही गं. रेडिओत घातलेली दिसते. पण एवढा बर्फ कुणी लावला?"

आर्डिस तोवर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली होती. फ्रिजवर चुंबकाने लावलेलं आमचं पत्रक होतं. खालच्या चौकटीवर कुणीतरी पेनाने ठळक रेघ मारली होती.

झेकेला अँब्युलन्समध्ये चढवत होते तेवढ्यात मुख्याध्यापक मायलेकींना घेऊन आले. नवरा शुद्धीवर आहे म्हटल्यावर नोएमीच्या जिवात जीव आला. मग तिने भिंतीकडे पाहिलं, आर्डिसकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "आमचं काही चुकलं का? जरा जास्त उंच लावला का आम्ही?"

"नाही," आर्डिस म्हणाली. "मी सांगितलं तसंच तू केलंस. मी चुकीचं सांगितलं. आणि आजारी पोरीला पुन्हा पुन्हा इथेच पाठवली, तीही मीच."

नोएमीला ते पटलं की नाही कोण जाणे. ती यारेलीला घेऊन अँब्युलन्समध्ये चढली. मुख्याध्यापक आर्डिसला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, आपण म्हणू की बर्फ फार पडला. कुणाला दोष नको."

"बर्फ आपण होऊन फावड्याने थापला जात नाही," ती म्हणाली. आणि वळली माझ्याकडे. "वांडा. हे पत्रक किती घरी गेलं?"

"सगळ्या घरी."

मी शाळेत परत जाऊन फोनला चिकटले. हजेरीपटातलं एकेक नाव, प्रत्येकाला तेच: भिंतीचा बर्फ काढा. ऑर्विलची माणसं नदीपलीकडच्या घरांचा बर्फ काढायला गेली. आर्डिसने बंबावरचं फावडं घेतलं आणि गावातल्या घरांना सुरुवात केली. दिवस कलता कलता फोन संपले तेव्हा मीही फावडं घेऊन तिला शोधत निघाले. ती लुंडांच्या घरी सापडली. हे लुंड म्हणजे पोरांना विना-हातमोज्याचं पाठवणारे, दर महिन्याला आर्डिसच्या शिव्या खाणारे. ती त्यांच्या भिंतीचा बर्फ फोडत होती. नाकाचं पाणी गोठलेलं, तळहात सोललेले, उघडउघड रडत होती. लुंडबाई दारात गोंधळून उभी.

"अगं आर्डिस, फोन आला तसा आम्ही काढलाच असता ना," ती म्हणत होती. "पण काय गं, किती छान ऊब होती! तू म्हणालीस तसंच केलं अगदी."

बर्फाखालून नळीचं तोंड दिसलं. अर्धं उघडं होतं. आर्डिसने ते हातांनी मोकळं केलं आणि तिथेच गुडघ्यांवर बसून राहिली. उघड्या दारातून लुंडांचा फ्रिज दिसत होता. त्यावर डिसेंबरचं पत्रक होतं, त्याखाली नोव्हेंबरचं, आणि त्याखाली गेल्या हिवाळ्याचं, कडा पिवळ्या पडलेलं.

"प्रत्येक घरी," ती म्हणाली. "ज्या ज्या घरी गेले तिथे. वांडा, सगळे वाचतात गं."

मी तिला हात देऊन उठवलं. अजून चार घरं राहिली होती.